बायको तारण ठेवून आणलेली मोटारसायकल

वाशी, शनिवार

आयुष्यातली पहिली मोटारसायकल हातात आल्याबरोबर मी ती आडवी पाडली.

यात माझी चूक होती, पण ती चूक फक्त स्कूटरवाल्याला कळेल. वर्षानुवर्षं स्कूटर चालवलेल्या माणसाचा हात एका गोष्टीला सोकावलेला असतो. सकाळी स्कूटर सुरू करायची म्हणजे आधी तिला डाव्या अंगाला चांगली कलती करायची, पोटातलं पेट्रोल खाली उतरू द्यायचं, मग सरळ करून किक मारायची. आमच्या सोसायटीत रोज सकाळी सातच्या सुमारास सगळ्या बिल्डिंगींखाली पुरुषमंडळी आपापल्या स्कूटरी अशा कलत्या धरून उभी दिसतात. वाशीच्या त्या जुन्या गाड्यांच्या दुकानात मालकाने मला एक मोटारसायकल बाहेर काढून दिली, "घ्या अंकल, चालू करून बघा" म्हणाला, आणि मी सवयीने ती कलती केली. स्कूटर कलती होते आणि थांबते. मोटारसायकल थांबली नाही. ती शेजारच्या गाडीवर गेली आणि त्या गाडीचा आरसा खाली आला.

"काय करत होता अंकल?" मालकाने विचारलं.

"सुरू करत होतो."

"झोपवून?"

माझी बायको सुनंदा दुकानाच्या पायरीवर उभी होती. ती रस्त्यापलीकडच्या पाटीकडे बघत राहिली, जणू मी कोण हे तिला माहीत नव्हतं. आरशाचे पैसे देऊन आम्ही निघालो.

मोटारसायकल मला हवी होती ती ऑफिसला जायला नव्हे. नेरूळ ते बेलापूर जायला स्कूटर भरपूर होती. पण मुलगा पुण्याला हॉस्टेलवर गेला, मुलीचं कॉलेज सुरू झालं आणि रविवार अचानक रिकामे झाले. खाडीपलीकडे उरण, चिरनेर, पेण असा सगळा मुलूख पसरलेला, आणि आम्ही दोघं रविवारी गॅलरीत बसून समोरच्या बिल्डिंगीतले वाळत घातलेले कपडे बघायचो. स्कूटर एकदा कर्नाळ्यापर्यंत नेली होती. तिची छोटी चाकं प्रत्येक खड्ड्यात उतरून चौकशी करून वर यायची. लांब जायचं तर धड गाडी हवी, हे दोघांनाही पटलं.

पण सुनंदाची अट होती. "तुम्ही खुशाल घ्या. मागे बसायचं की नाही ते मी गाडी बघून ठरवीन. तुमच्या शब्दावर नाही."

माझी सगळी काळजी तिथे होती. ती बसणार नसेल तर गाडी घेण्यात अर्थ नव्हता. एकट्याने जाऊन खाडी बघायची, आणि "अगं, ते बघ" कोणाला म्हणायचं?

सोमवारी ऑफिसातल्या सावंतने तोडगा काढला. उरणच्या बाजूला एका गावात त्याच्या ओळखीचा हिराजी म्हणून एक आगरी गृहस्थ होता. सरकारने जमीन घेतली तेव्हा आलेल्या पैशांत त्याने मोटारसायकल घेतली होती, ती म्हणे जशीच्या तशी पडून होती. ऐकताच मला संशय आला. सावंतला यात काय मिळणार? शिवाय चांगली गाडी कोण विकतं? घरचे मला संशयी म्हणतात. मी स्वतःला चौकस म्हणवतो. नारळ घेताना पाच नारळ हलवून मी सहावा घेतो, एवढंच.

सावंतने संशयाला लागणारं साहित्यही पुरवलं. "एक लोहचुंबक घेऊन जा. टाकीला लाव. चिकटलं नाही तर समज, खाली पुट्टी आहे, गाडी ठोकलेली आहे. सायलेन्सरपाशी पांढरा रुमाल धर. आणि गेल्या गेल्या इंजिनाला हात लाव. गरम लागलं तर तू यायच्या आधी अर्धा तास तो किका मारत बसलेला असणार."

खाडीपलीकडे, रविवार

उरण फाट्याहून आत वळलं की नवी मुंबई एकदम संपते. खाडीवरचा पूल लागतो, पुलाखाली भरतीचं गढूळ पाणी, मग दोन्ही बाजूंना मिठागरं. जानेवारीचे दिवस, मिठाचे पांढरे ढीग नुकते उभे राहायला लागलेले. बंदराकडे जाणारे कंटेनरचे लांबलचक ट्रेलर शेजारून गेले की स्कूटर वाऱ्याने एक हात सरकायची, आणि मागे सुनंदा स्टेपनीला घट्ट धरून "देवा" म्हणायची. गव्हाण फाट्यापुढे आम्ही आतल्या रस्त्याला लागलो तशी तिची पकड सैल झाली.

मी मूळचा साताऱ्याकडचा. आमच्याकडे गाव म्हटलं की आधी गोठा दिसतो, मग घर. या गावात आधी घरं दिसली. नवी, स्लॅबची, गुलाबी आणि पोपटी रंगांची, दारात टाइल्स लावलेली. त्यांच्या मागे जुनी कौलं, आणि त्यामागे काहीच नाही, नुसता सरकारी भराव. शेतं होती ती जागा हीच असणार.

हिराजी ओट्यावर बसला होता. साठीचा, काटक, अंगात बंडी. त्याची बायको जनाबाई दारात मासळी साफ करत होती. मी नमस्कार केला, सावंतचं नाव सांगितलं आणि गाडी कुठे आहे म्हणून अंगणात बघू लागलो.

"भायेर नाय. घरान हाय," हिराजी म्हणाला.

मोटारसायकल दिवाणखान्यात उभी होती. एका बाजूला टीव्ही, दुसऱ्या बाजूला काचेचं शोकेस, आणि मध्ये ही, फुलाफुलांची चादर पांघरून. हिराजीने चादर दूर केली. टाकीवर 'आई एकवीरा प्रसन्न' असं रंगवलेलं, हँडलला दसऱ्याच्या झेंडूंचा वाळका हार, आणि सीटवर कारखान्यातून आलेलं प्लॅस्टिक अजून तसंच. मी वाकून मीटर बघितला. गाडी चार वर्षांची, आणि मीटरवर जेमतेम सातारला जाऊन यावं एवढेच किलोमीटर.

मीटर मागे फिरवलाय, मी मनात म्हटलं.

"एवढीच चालली?"

"चालवल कोन? मना येत नाय."

"मग घेतली कशाला?"

"समद्यांनी घेतली. मी नसती घेतली तर लोक बोललं असतं, हिराजीचा पैसा कुठं गेला?" तो दाराशी टेकवलेल्या सायकलीकडे बघून म्हणाला. "मी आपला सायकलवरचा मानूस. पुतन्या येतो आयतवारी, एक चक्कर मारून आनतो. मग आमी अगरबत्ती लावताव."

मी इंजिनाला हात लावला. गार होतं. हेही संशयास्पद वाटलं. मग मी खिशातून लोहचुंबक काढलं. घरी कपाटाच्या दारावर मुलांची वेळापत्रकं धरून ठेवणारं ते चुंबक, त्यावर बदकाचं चित्र होतं. टाकीला लावलं, टक्कन चिकटलं. मडगार्डला चिकटलं. सीटखालच्या पत्र्याला लावलं तर बदक घसरून खाली पडलं.

"पुट्टी!" मी सुनंदाच्या कानात म्हटलं.

"अहो, प्लॅस्टिक आहे ते," ती मोठ्याने म्हणाली. "झालं असेल तर माझ्या बांगड्यांनाही लावून बघा. वडिलांनी फसवलं असेल तर कळू दे एकदाचं."

जनाबाई फसकन हसली. हिराजी हसला नाही. तो इतका वेळ माझ्याकडे बघत होता, आणि आता मला जाणवलं की तोही मला तपासतोय.

"तुमी दलाल ना?" त्याने विचारलं.

"मी? नाही हो! मी नोकरी करतो."

"आमची जमीन घेवाला आलेलं तेपन नोकरीच करत व्हते."

 मी म्हटलं, एक चक्कर मारून बघतो. हिराजीने मान हलवली. "आमच्या बाजूवाल्याची गाडी एक जन असाच घेऊन गेला. चक्कर मारून येतू बोलला. त्यो अजून चक्करच मारतय."

"मग?"

"कायतरी ठेवून जा."

मी स्कूटरची किल्ली पुढे केली. हिराजी बाहेर गेला, स्कूटरभोवती एक फेरी मारून आला, आणि किल्ली मला परत दिली. "ही ठेवून तुमचं काय जानार हाय?"

एवढा अपमान त्या स्कूटरचा कोणी केला नव्हता. मी काही बोलणार तेवढ्यात तो म्हणाला, "वयनी बसतील हितं. तुमी या चिरनेरला जाऊन."

मला वाटलं सुनंदा भडकेल. ती म्हणाली, "बसते की," आणि चप्पल काढून जनाबाईशेजारी पाटावर बसलीसुद्धा. इतक्या चटकन ती माझ्या आईच्या घरीही कधी बसली नव्हती. मला तिचाही थोडा संशय आला.

"अगं, पण..."

"जा तुम्ही. ट्रेलर बघून चालवा."

चिरनेरचा रस्ता

स्कूटरचे गिअर हातात असतात, मोटारसायकलचे पायात. हे मला माहीत होतं, पण माझ्या डाव्या मनगटाला माहीत नव्हतं. गावातून बाहेर पडेपर्यंत मी डावी मूठ पिरगळत होतो, गिअर काही बदलत नव्हता, आणि हिराजीच्या गल्लीतल्या कोंबड्या जीव घेऊन ओट्यांवर चढत होत्या. सायलेन्सरचा रुमाल राहून गेला. पुढे पाय शिकला, मनगट गप्प बसलं, आणि गाडी चालायला लागली.

ज्यांनी हा रस्ता बघितला नाही त्यांना कसं सांगू? भात कापून झालेलं, रिकाम्या खाचरांत पेंढ्याच्या उडव्या उभ्या, आणि ओलाव्याला टाकलेला वाल गुडघाभर हिरवागार. आमच्याकडे या दिवसांत ज्वारी उभी असते, माणूस शेतात शिरला की दिसत नाही. इथे सगळं उघडं. बांधावरून डोक्यावर भारा घेऊन चाललेली बाई फर्लांगावरून दिसायची. डोंगर जवळ जवळ येत होते. मोठी चाकं खड्ड्यांवरून अशी जात होती की खड्ड्यांनाच वाईट वाटावं. एका वळणावर तळं लागलं, त्यात पांढरे बगळे ओळीने उभे, आणि मी मान मागे वळवून म्हणालो, "अगं, ते..."

मागे प्लॅस्टिक घातलेलं रिकामं सीट होतं.

चिरनेरच्या नाक्यावर मी चहाला थांबलो. गाडी सावलीला लावली, हँडल लॉक केलं, किल्ली खिशात घातली, सवयीप्रमाणे सगळं बंद केलं. गरम भजी आणि काचेच्या ग्लासात चहा. बाकड्यावर एक जाडजूड गृहस्थ बसले होते. गाडीकडे बघत होते.

"ही हिराजीची गाडी ना?"

"हो."

"तुमच्याकं कशी?"

"बघायला घेतलीय. विकत घ्यायचा विचार आहे."

"हिराजी कुठं हाय?"

"घरी आहे." त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, खुलासा केलेला बरा. "माझी बायको ठेवून आलोय त्यांच्याकडे."

त्या गृहस्थांनी ग्लास खाली ठेवला. चहावाल्याने झाऱ्यातल्या भज्यांचं तेल निथळायचं थांबवलं. आपलं वाक्य बरोबर पडलेलं नाही हे मला कळलं, पण ते दुरुस्त कसं करावं हे कळेना. "म्हणजे तारण म्हणून," मी म्हटलं. त्याने आणखी बिघडलं. ते गृहस्थ उठले आणि गाडीचा नंबर बघायला गेले.

मी पैसे ठेवले, गाडी काढली, आणि गडबडीत परतीच्या रस्त्याऐवजी पुढच्या साई गावाच्या दिशेला लागलो. वळून त्यांच्यासमोरून परत जाणं धड दिसलं नसतं. म्हटलं, थोडं पुढे जाऊन वळू. थोडं पुढे गेलो, आणि एका निर्मनुष्य चढावर गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली.

किक मारली. पुन्हा मारली. गाडी ढिम्म. टाकीचं झाकण उघडून हलवलं, पेट्रोल डचमळत होतं. म्हणजे इंजिन गेलं. म्हणजे हिराजीने बिघडलेली गाडी गळ्यात मारायचा डाव टाकला होता. इतका गोड बोलणारा माणूस. मग त्या चहाच्या गृहस्थांना गाडीत इतका रस का? त्यांना माहीत होतं गाडी पुढे बंद पडणार. सावंतलाही माहीत असणार. कडीला कडी जुळत गेली. मला चिरनेरला पाठवायचं, गाडी वाटेत बंद पडणार, तोवर इकडे माझी स्कूटर गायब.

आणि मग मला आठवलं की बायकोही तिथेच आहे. क्रम असा होता, आधी स्कूटर, मग बायको. हे मी घरी सांगितलेलं नाही.

एक टेम्पो थांबला. ड्रायव्हरने खाली डोकावून विचारलं, "काय झालं काका? टाका मागं, सोडतो नाक्यापर्यंत." माझ्या मते तोही त्यांच्यातलाच होता. मी म्हटलं, "नको, मी मजेत ढकलतोय." त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि गेला.

मी ढकलत राहिलो. ऊन चढलं होतं. धड गाडीची गंमत अशी की ती चालते तेव्हा वाऱ्यासारखी चालते आणि ढकलायची वेळ आली की म्हशीसारखी जड होते. शेवटी एका बाभळीखाली बसलो आणि तिच्याकडे खालून वर, नीट, पुरावा शोधावा तसं बघू लागलो. वायर कुठे कापली आहे, नट कुठे सैल केला आहे, हिराजीचा हात कुठे लागला आहे.

टाकीखाली डाव्या बाजूला पेट्रोलचा कॉक होता. तो बंदच्या खुणेवर होता.

माझी एक सवय आहे. स्कूटर कुठेही उभी केली की मी वाकून पेट्रोलचा कॉक बंद करतो. पेट्रोल उडतं, गळतं, कोणी काढून घेतं, या तिन्ही भीतींपोटी. घरचे यावर हसतात. चहाला थांबलो तेव्हा हात आपणहून टाकीखाली गेला होता आणि त्याने इमानेइतबारे तेच केलं होतं. नळीत जेवढं पेट्रोल उरलं होतं तेवढ्यावर गाडी या चढापर्यंत आली होती.

कॉक उघडला. एका किकेत गाडी सुरू झाली. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं, तरी मी इकडे तिकडे बघून घेतलं.

पुन्हा हिराजीकडे

उन्हं उतरली होती. गावाच्या तोंडाशीच माणसं उभी होती. त्यांत ते चहाचे जाडजूड गृहस्थ सायकल धरून उभे. मी चिरनेरहून साईच्या दिशेला पळालो ही बातमी ते घेऊन आले होते, आणि त्यांच्या मते मी एव्हाना खारपाड्याचा पूल ओलांडून पेणला पोचलेला असायला हवा होतो. मला समोरून येताना बघून त्यांची निराशाच झाली.

हिराजी पुढे आला. गाडीभोवती फिरला. आरसे, दिवे, प्लॅस्टिक, सगळं जागेवर आहे हे बघितलं, मग माझ्याकडे.

"कुठं व्हतात?"

माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं, 'तुमच्या गाडीत खोट आहे.' ते म्हटलं असतं तर किंमतही उतरली असती. पण इतक्या माणसांसमोर, आणि माझी बायको मागच्या परसात कुठेतरी असताना, ते तोंडातून निघेना. "गाडी बंद पडली," मी म्हटलं. "कॉक मीच बंद केला होता. सवयीने. आणि मग तो शोधत बसलो."

 मग ते जाडजूड गृहस्थ एवढे हसले की त्यांची सायकल खाली पडली.

"मना वाटला, गाडी घेऊन पलालाव," हिराजी म्हणाला.

"अहो, असं कसं वाटलं? माझी बायको इथे होती ना!"

"त्याच्यामुलंच वाटला. वयनी यवढ्या निवांत खात बसल्या, आमी बोललो, ह्यांचा दोघांचा ठरवूनच हाय."

मागच्या परसात सुनंदा खरंच निवांत बसली होती. तिथे पोपटी लावलेली. मडक्यात खाली भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, वर जाडं मीठ आणि ओवा, पुन्हा पाला, आणि मडकं उलटं करून त्याभोवती जाळ. आमच्याकडे हुरडा, इथे पोपटी. हुरडा शेताच्या कडेला बसून खातात, पोपटी मडक्यातून खाली ओतून. धुराचा आणि भांबुर्ड्याचा असा काही वास सुटला होता की मला नाक्यावरच्या भज्यांनंतर पोटात काहीच गेलं नसल्याची आठवण झाली. सुनंदाच्या पुढ्यात शेंगांच्या टरफलांचा ढीग होता. तिने माझ्याकडे बघितलं आणि एक बटाटा पुढे केला.

"खा. तोंड सुकलंय तुमचं."

मी खाऊन उठलो आणि गाडी घेतो म्हणालो. हिराजी लगेच म्हणाला, "तुमाला नाय देनार."

 दिवसभर मी त्याला फसवणारा समजत होतो, आणि त्या सबंध दिवसात तो गाडी देणारच नाही हे एकदाही मनात आलं नव्हतं.

"का हो?"

"तुमी लोहचुंबक घेऊन आलाव. तुमाला कंची गाडी पटनार?" तो सुनंदाकडे वळला. "वयनी, तुमच्या नावाव देतू. तुमी काय मागला नाय, काय तपासला नाय, आमच्यात बसलाव. चालवू दे त्यांना."

"मी अजून बसून बघितली नाही," सुनंदा म्हणाली.

गाडी स्टँडवर घेतली. ती बसायला गेली आणि प्लॅस्टिकवरून अलगद घसरून पुन्हा उभी राहिली. "यावरून मी पहिल्या वळणाला उतरेन," ती म्हणाली. "हे काढायला लागेल."

"नको काढू," जनाबाई म्हणाली. "नवी हाय ती."

हिराजी बराच वेळ त्या सीटकडे बघत उभा राहिला. चार वर्षांत त्या गाडीवर कोणी धड बसलं नव्हतं. दिवाणखान्यात उभं असलेलं, शेताच्या बदल्यात आलेलं ते एकच सामान होतं, ज्यावर रोज अंगणातून नजर पडायची. मग त्याने नखाने एक कोपरा उचकटला आणि प्लॅस्टिक सावकाश, कुठे फाटू न देता, सोलून काढलं. त्याची घडी केली आणि जनाबाईच्या हातात दिली. सुनंदा बसली. साडीगार्ड बघितला, पाय ठेवायची पट्टी बघितली, दोन्ही हात मांडीवर ठेवून एकदा खाली हललीसुद्धा.

"बसाल ना?" हिराजीने विचारलं. माझ्यापेक्षा तोच जास्त उत्सुक होता.

"रस्त्यावर कळेल," ती म्हणाली.

खारपाडा, पुढचा एक रविवार

कागदपत्रांचं सावंतने बघितलं. त्याने कमिशन घेतलं नाही, याचा मला अजून उलगडा झालेला नाही. आरसी बुकावर सुनंदाचं नाव आलं. गाडी आणायला आम्ही एस.टी.ने गेलो. जनाबाईने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी बांधून दिली. दिवाणखान्यात टीव्ही आणि शोकेसच्या मधली जागा मोकळी होती, तिथे हिराजीने आपली सायकल आणून उभी केली होती.

त्याच रस्त्याने निघालो. चिरनेरच्या नाक्यावर चहावाल्याने लांबूनच हात केला आणि सुनंदाकडे बोट दाखवून मला ओरडून विचारलं, "सोडवून आनली का?" साईच्या चढावर गाडी न थांबता वर गेली. खारपाड्याला पाताळगंगेच्या पुलाजवळ थांबून भाकऱ्या खाल्ल्या. पाणी संथ होतं, पलीकडे कर्नाळ्याचा सुळका. मी वाकून टाकीखाली हात घातला तेव्हा सुनंदा म्हणाली, "हात काढा तो." मी काढला.

तिथून हायवेने घरी येईपर्यंत ती मागे एक शब्द बोलली नाही. मी आधी समजलो ती घाबरली आहे. पनवेलच्या अलीकडे समजलो तिला झोप लागली आहे. कळंबोलीपर्यंत माझी खात्री झाली की ती पुन्हा कधी बसणार नाही आणि हे कसं सांगावं याचा विचार करते आहे. दोनदा विचारलं, "बरी आहेस ना?" वाऱ्यात उत्तर ऐकू आलं नाही.

घरी आलो. तिने केस मोकळे करून धूळ झाडली, चहा टाकला. मला राहवेना.

"खरं सांग. त्या दिवशी तिथे बसली होतीस तेव्हा तुला एकदा तरी वाटलं का, की मी पळालो?"

"जनाबाईने विचारलं होतं," ती चहा गाळत म्हणाली. "बोलली, मानूस गाडी घेऊन पलाला तर काय करशील गो? मी म्हटलं, पळू दे. इतक्या वर्षांत हा माणूस कुठे तरी गेला, याचा मला आनंदच होईल. वाईट एवढंच वाटेल की मला न घेता गेला." मग कप माझ्या हातात देत म्हणाली, "पुढच्या रविवारी अलिबाग. लवकर उठा."